वाचकांचे प्रश्न : बालशिबिरातल्या ताई-दादांसाठी

मे महिन्यातल्या बालशिबिरांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सगळे प्रश्न सकाळी येऊन दुपारी किंवा संध्याकाळी घरी जाण्याच्या शिबिरांविषयी आहेत.

प्रश्न : बारा दिवसांच्या शिबिरात मला ६ ते ८ वर्षांच्या १४ मुलांचा गट मिळाला आहे. ताई म्हणून माझी पहिलीच वेळ. गाणी, गोष्टी, खेळ यांची वही भरून ठेवली आहे. आणखी काय तयारी करू? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, म्हापसा)

सर्वांत आधी जोडीला दुसरी ताई किंवा दादा मागून घ्या. अमेरिकन कॅम्प असोसिएशन ही तिथल्या शिबिरांची संघटना दिवसाच्या शिबिरांसाठी जे प्रमाण सुचवते, ते ५ वर्षांपर्यंत ६ मुलांमागे एक, ६ ते ८ वर्षांना ८ मुलांमागे एक आणि ९ ते १४ वर्षांना १० मुलांमागे एक असं आहे. आपल्याकडे शिबिर देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या वर्गात भरतं, नळ अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि संडास त्याहून मागे. एका मुलाला तिकडे न्यायचं झालं तर बाकीच्या तेरा मुलांपाशी कोण थांबणार, याचं उत्तर पहिल्या दिवसाआधी मिळालं पाहिजे.

वही भरलेली आहे हे चांगलंच. पण खेळ चालू असताना फारसं बिघडत नाही, कारण तेव्हा मुलांची नजर तुमच्याकडे असते. बिघडतं ते मधल्या मिनिटांत. खेळ संपलाय आणि हात धुवायला जायचंय, खाऊ आटोपलाय पण रंग अजून वाटून झालेले नाहीत, पालक यायला दहा मिनिटं आहेत. धक्काबुक्की, पडणं, हरवणं हे बहुतेक याच वेळी होतं. म्हणून वहीत खेळांच्या यादीइतकीच या मधल्या मिनिटांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा : पुढे कोण चालणार, मागे कोण, आणि थांबलेली मुलं काय करणार. थांबण्यासाठी जागेवर बसून होणारे खेळ हवेत. भेंड्या, 'चिमणी उडाली भुर्र', टाळ्यांची नक्कल, कोडी असे सात-आठ तोंडपाठ ठेवा. साहित्य लागणारा खेळ अशा वेळी उपयोगाचा नसतो.

मोजणीची पद्धत पहिल्याच दिवशी बसवा. नियम सोपा : गटानं दार ओलांडलं की मोजायचं. वर्गातून मैदानात, मैदानातून नळावर, नळावरून परत. डोकी स्वतः मोजा. मुलांना क्रमांक देऊन 'आकडे बोला' म्हणणं गमतीचं आहे, मुलांना आवडतंही, पण गैरहजर मित्राचा आकडा शेजारचा मुलगा बिनदिक्कत बोलून टाकतो. आणखी एक फसगत नेहमी होते. दोन गट एकाच नळावर आले की एक मूल तुमच्यातून तिकडे जातं, एक तिकडचं तुमच्यात येतं आणि आकडा बरोबर १४ भरतो. म्हणून दिवसातून किमान तीनदा, म्हणजे आल्यावर, खाऊनंतर आणि निघण्याआधी, नावं घेऊन हजेरी घ्या. हजेरीचा कागद खिशात हवा, टेबलावर नको.

पहिल्या दिवशी नियम तीनच सांगा. ताईला सांगितल्याशिवाय दाराबाहेर जायचं नाही. कुणाच्या अंगाला त्याला नको असताना हात लावायचा नाही. ताईनं हात वर केला की आपणही हात वर करून गप्प व्हायचं. तिसरा नियम त्याच दिवशी खेळासारखा आठ-दहा वेळा करून घ्या. ओरडून गप्प करायला लागलात तर चौथ्या दिवशी तुमचा घसा बसेल आणि मुलांना ओरडण्याची सवय होईल.

प्रत्येक मुलाच्या अर्जातून चार गोष्टी तुमच्या वहीत उतरवून घ्या : कशाची ॲलर्जी, दमा किंवा फिट्स आहेत का, दोन फोन नंबर, घरी न्यायला कोण येणार. दम्याचा पंप मुलाच्या दप्तराच्या तळाशी राहू देऊ नका, तो तुमच्या पिशवीत असू द्या.

प्रश्न : आमचं शिबिर ९ ते ५ आहे. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये खेळ ठेवले तर उन्हाचा त्रास होणार नाही ना? ओआरएस आधीपासून पाजत राहावं का? (शिबिराचे आयोजक, साखळी)

पत्र्याची शेड सावली देते, पण वरून तापलेला पत्रा आणि आत चाळीस मुलं असली की ती भट्टी होते. गोव्यात मे महिन्यात पारा ३३-३४ अंशांपाशीच दिसतो, त्यामुळे विदर्भासारखं ऊन आपल्याकडे कुठे, असं वाटतं. इथला खरा त्रास दमटपणाचा आहे. घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. मुलं तर खेळात असली की तहान लागल्याचंही सांगत नाहीत.

धावण्याचे खेळ साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर ठेवा. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या सकाळी. अकरा ते चार कौलारू किंवा स्लॅबच्या छपराखाली, पंख्याखाली बसून करायची कामं. धावण्याच्या खेळात दर २० मिनिटांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना पाणी प्यायला लावा : लहानांना अर्धा पेला, ९ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्ध्यापासून एक पेल्यापर्यंत. 'तहान लागली तर प्या' असं म्हणून चालत नाही. ४० मुलांच्या दिवसभराच्या शिबिराला पिण्याचं पाणी ६० लिटरच्या खाली धरू नका. पेले प्रत्येकाचे वेगळे आणि नाव घातलेले हवेत.

ओआरएस हे रोजचं पेय नव्हे. खूप घाम गेला, उलटी किंवा जुलाब झाले, तर द्यायचं. साधं पाणी, पातळ ताक, मीठ-साखरेचं लिंबूपाणी, आगळाचं कोकम सरबत हे रोजच्यासाठी पुरेसं आहे. ओआरएसचं पाकीट १ लिटरचं आहे की २०० मिलिलिटरचं, ते वाचून तेवढ्याच पाण्यात संपूर्ण पाकीट घाला. एका पेल्यात मोठं पाकीट ओतलं की द्रावण फार खारट होतं, आणि तसं पाजणं लहान मुलाला अपायकारक असतं. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तयार केलेलं द्रावण २४ तासांनंतर ओतून द्या. डब्यांत मिळणारी गोड पेयं ओआरएसच्या जागी देऊ नका.

लक्ष कुणाकडे ठेवायचं? एरवी दंगा करणारा मुलगा एकाएकी गप्प झाला, चिडचिडला, डोकं दुखतं म्हणाला, मळमळलं, अंगावर काटा आला, तर त्याला लगेच सावलीत आडवा करा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं मान, काखा, जांघा पुसा, वारा घाला आणि घोट घोट पाणी द्या. अर्ध्या तासात तो ताजातवाना झाला नाही तर घरी कळवून डॉक्टरांकडे न्या. मूल असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला, अंग चटका बसावा इतकं तापलं, झटके आले, तर तो उष्माघात समजायचा : १०८ ला फोन, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर सतत पाणी आणि वारा. शुद्ध हरपत असेल तर तोंडानं काहीही पाजू नका.

प्रश्न : नरकासुराचे मुखवटे करायला शिकवावे असं ठरवलं आहे. मुलं २०. गेल्या वर्षी दुसऱ्या एका शिबिरात मुखवट्यांना बुरशी आली होती. काय चुकलं असेल? (हस्तकला शिकवणारे दादा, फोंडा)

घाई. दिवाळीत नरकासुर करणारी मोठी मुलं कागद चिकटवून दिवसेंदिवस वाळू देतात. शिबिरात मात्र एका बैठकीत सगळे थर चढवले जातात. वरचा थर सुकतो, आतला ओला राहतो आणि मेमधल्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. चार बैठकांचं काम म्हणूनच हा मुखवटा घ्या.

पहिल्या दिवशी साचा. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर वर्तमानपत्राचा बोळा चिकटपट्टीनं बांधून चेहऱ्याएवढा उंचवटा करायचा, नाकाला वेगळी गुंडाळी. त्यावर प्लास्टिकची पिशवी ताणून बसवायची. पिशवी विसरलात तर मुखवटा साच्यालाच चिकटतो आणि सोडवताना फाटतो. मग वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या, एक थर आडवा, एक उभा. पट्ट्या कात्रीनं कापू नका, हातानं फाडा. फाडलेली कड विरळ असते, ती एकमेकींत मिसळते. कापलेल्या कडा रंग दिल्यावरही रेषांसारख्या दिसत राहतात. पहिल्या दिवशी दोन थर, दुसऱ्या दिवशी दोन, आणि तिसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाचा एक थर, म्हणजे रंग वर येतो. रंग चौथ्या दिवशी, तोही मुखवटा साच्यातून काढून आतल्या बाजूला हात लावून थंड लागत नसेल तरच. थंड लागला तर तो ओला आहे. रात्री मुखवटे जमिनीवर ठेवू नका. दोरीवर किंवा जाळीवर, पंख्याखाली, खालून हवा लागेल असे ठेवा.

खळीचं प्रमाण : १ वाटी मैदा, ५ वाट्या पाणी. मैदा आधी एक वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, उरलेलं पाणी उकळलं की त्यात ओतायचा आणि पारदर्शकपणा येईपर्यंत तीन-चार मिनिटं ढवळायचा. उलट केलंत, म्हणजे उकळत्या पाण्यात कोरडा मैदा टाकलात, तर गुठळ्या मोडता मोडत नाहीत. २० मुलांच्या सगळ्या थरांना मिळून साधारण साडेतीन-चार लिटर खळ लागते, पण ती एकदम करू नका. उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते. रोज सकाळी सव्वा लिटर, तेवढीच.

जुनी पुस्तकं बांधणारे खळ टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. कुणी तसा सल्ला दिला तर ऐकू नका. मोरचूद विषारी आहे आणि मुलांची बोटं तोंडात जातातच.

कात्री फक्त डोळ्यांची भोकं पाडायला लागेल, ते काम दादानंच करावं.

प्रश्न : एक मुलगा रोज कुणाला तरी मारतो. त्याला बाहेर बसवलं की शांत होतो, आत घेतला की पुन्हा तेच. पालकांना सांगावं का? (शिबिरातली ताई, मडगाव)

बाहेर बसवणं त्याला हवंहवंसं वाटत असेल, हे आधी तपासा. दोन दिवस कागदावर लिहा : कधी मारलं, त्याआधी काय चालू होतं, शेजारी कोण होतं, मारल्यावर काय झालं. बरेचदा चित्र स्पष्ट दिसतं. रांगेत उभं राहायला लागलं की मारतो, किंवा वाचून दाखवायची पाळी जवळ आली की मारतो. दुसऱ्या प्रकारचा मुलगा वाचनातून सुटतो आहे, आणि बाहेर बसवून आपण त्याला सोडवतो आहोत. त्याला पाळी चुकवू द्या, पण काम द्या : पुस्तकं वाटणं, फळा पुसणं. रांगेत मारणाऱ्याला रांगेच्या शेवटी उभं करू नका, सगळ्यांत पुढे ताईचा हात धरून चालू द्या.

मारल्याच्या क्षणी दोन पावलं : ज्याला लागलं त्याच्याकडे आधी जा, मारणाऱ्याला थोडक्यात आणि हळू आवाजात सांगा, 'मारायचं नाही, इथं माझ्याशेजारी बस.' सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका. हात उगारणं, कान धरायला लावणं, उन्हात उभं करणं हे कोणत्याही कारणानं चालणार नाही. गोव्यात मुलांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा आहे, गोवा बाल कायदा २००३, आणि शिबिर त्याच्या बाहेर नाही.

पालकांना सांगा, मात्र फाटकाशी बाकीच्या पालकांच्या देखत नको. आणि सांगताना आज त्यानं केलेली एक चांगली गोष्ट खरोखर ठाऊक असली पाहिजे, ती आधी सांगा.

प्रश्न : मुलं कोंकणी बोलतात, काही जणांना इंग्रजीच येतं. शिबिर मराठी आहे. किती आग्रह धरावा? (वाचक, डिचोली)

गाणी, गोष्टी, नाटुकली मराठीत ठेवा. सुरक्षेची सूचना मात्र मुलाला कळेल त्या भाषेत द्या, आणि रडणाऱ्या मुलाशी त्याच्याच भाषेत बोला. 'म्हाका घरा वचपाचें' (मला घरी जायचंय) म्हणणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला आधी मराठीत बोल असं सांगणं बरं नव्हे.

प्रश्न : शेवटच्या दिवशी ४० मुलांना मिरामारला न्यावं की चोडणला? (शिबिराचे आयोजक, पणजी)

मिरामारला मांडवी समुद्राला मिळते. तिथल्या प्रवाहामुळे ती पोहण्याची जागा नव्हे, आणि गुडघाभर पाण्यातसुद्धा ४० मुलांवर नजर राहत नाही. नेणार असाल तर पाण्यात पाय घालायचा नाही, हे पालकांना लेखी कळवूनच न्या. वाळूत किल्ला, शिंपले, वाळूचित्रं, वेळ सकाळी ७ ते साडेआठ. पोचल्यावर 'दृष्टी'च्या जीवरक्षकांना गटाची संख्या सांगा. लाल बावटा असेल तर पाण्याच्या रेषेपासूनही लांब बसा. जवळच गोवा विज्ञान केंद्र आहे, ऊन चढल्यावर तिथं जाता येतं. वेळ आणि जागा आधी ठरवून घ्या.

चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य सुंदर आहे, पण मुलांना 'पक्षी बघायला' म्हणून मे महिन्यात नेऊ नका. हिवाळी पाहुणे पक्षी तोवर परतलेले असतात आणि मुलं हिरमुसतात. खारफुटी बघायला न्या. चिखलातून वर आलेली श्वसनमुळं, चिखलावर सरपटत उड्या मारणारे निवटे, एक नांगी मोठी असलेल्या छोट्या कुर्ल्या, हे सगळं ओहोटीला दिसतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारच्या सुमाराला येते, म्हणजे सकाळी उशिरा गेलात तर चिखल पाण्याखाली जात असतो. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून दिवस ठरवा.

रायबंदरहून फेरीबोटीत चढण्याआधी एकदा आणि उतरल्यावर एकदा, नावं घेऊन हजेरी. बोटीत मुलं एका बाजूला, बसलेली. गाड्या चढतात-उतरतात त्या उताराजवळ कुणी नको, आणि सगळ्या गाड्या उतरल्यावरच मुलांनी उतरायचं. चाळीस मुलांना किमान पाच मोठी माणसं लागतील, त्यांतलं एक कायम सगळ्यांच्या मागे.

प्रश्न : मुलं आवारातल्या काजूच्या बिया गोळा करून फोडतात. चालेल का? (वाचक, पेडणे)

नाही. सालीतल्या तेलानं कातडी भाजल्यासारखी होते आणि तोच हात डोळ्याला लागतो. लागलंच तर साबण आणि भरपूर वाहतं पाणी. फोड आले तर डॉक्टर. शिबिरात बिया भाजूही नका, तो धूर त्रास देतो. बोंडं धुऊन खायला हरकत नाही. नीरो, म्हणजे बोंडांचा ताजा रस, मात्र वाटू नका, उन्हाळ्यात तो काही तासांत आंबू लागतो.

प्रश्न : एखाद्या मुलीनं घरातल्या माणसाबद्दल काही 'तसलं' सांगितलं तर ताईनं काय करायचं? (नाव नको, तिसवाडी)

हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत. शांतपणे ऐका. चेहऱ्यावर धक्का दाखवू नका. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही' एवढं म्हणा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. 'त्यानं असं केलं का, तसं केलं का' असे प्रश्न विचारू नका. उत्तर तोंडात घातल्यासारखं होतं आणि पुढे तपासात तिचंच नुकसान होतं. ती जे शब्द बोलली तेच शब्द, तारीख-वेळेसह, लगेच लिहून ठेवा.

मग त्याच दिवशी कळवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती किंवा शंका असलेल्या कुणावरही पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. शिबिरप्रमुखांना सांगितलं म्हणजे तुमची जबाबदारी संपत नाही. ते 'घरातल्या घरात मिटवू' म्हणाले तरी तुम्ही ११२ ला किंवा मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन करा. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला किंवा त्याच्या जवळच्यांना आधी विचारायला जाऊ नका. मुलीचं नाव इतर ताई-दादांच्या गप्पांत जाता कामा नये.

ताई-दादांसाठी यातूनच निघणारे नियम : बंद खोलीत एका मुलाबरोबर एकट्यानं थांबायचं नाही, संडासाशी दाराबाहेर दोघांनी उभं राहायचं, मुलांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढायचे नाहीत.

प्रश्न : मेच्या शेवटी वळवाचा पाऊस आला तर खेळ कधी थांबवायचा? (दादा, वाळपई)

गडगडाट कानावर आला की लगेच, पाऊस पडो न पडो. पक्क्या इमारतीत जा. आंब्याखाली किंवा उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये नको. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं मैदानावर परतायचं नाही. मध्ये पुन्हा गडगडलं तर ३० मिनिटं नव्यानं मोजायची.

प्रश्न : सुटताना ओळखीचे काका मुलाला न्यायला आले, मूलही 'काका' म्हणून धावलं. पाठवावं का? (ताई, कुंकळ्ळी)

अर्जात नाव नसेल तर नाही. मूल ओळखतं हा पुरावा नव्हे. पालकांना अर्जातल्या नंबरावर तुम्ही स्वतः फोन करा. काकांनी लावून दिलेल्या फोनवर बोलून पाठवू नका. पालकांनी होकार दिला तर काकांचं नाव, नंबर आणि वेळ हजेरीच्या कागदावर लिहून सही घ्या. काका रागावले तरी चालेल. फोन लागला नाही तर मूल शिबिरातच थांबेल, आणि त्याच्यासोबत दोन ताई-दादा थांबतील. यासाठी शेवटच्या अर्ध्या तासाची पाळी रोज सकाळीच लावून ठेवा, म्हणजे सगळे निघून गेल्यावर एकटीच ताई आणि एकटंच मूल अशी वेळ येणार नाही.